काचेखालचं तूस

सोलापूर स्टेशनवर मला सोडायला अप्पा थेट पाळी संपवून आले होते, आणि मी त्यांच्यापासून चार हात लांब उभा होतो. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानांच्या पाळ्यांवर पांढरं, शर्टाच्या खिशाच्या कडेला पांढरं. वयाचं नव्हे, कापसाचं. टॉवेलच्या कारखान्यात आठ तास यंत्रमागापुढे उभा राहिलेला माणूस असाच दिसतो आणि आमच्या गावात त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण डब्याच्या खिडकीत बसलेली एक बाई आपल्या मुलीला डोळ्यांनीच अप्पा दाखवत होती. मला वाटलं, गाडीनं आत्ताच्या आत्ता हलावं.

आईनं एक गाठोडं हातात दिलं. सहा नवे टॉवेल, सगळे मोरपंखी रंगाचे. ती घरी बसून कारखान्याच्या टॉवेलांच्या कडा शिवायची, या सहांच्या कडाही तिनंच शिवल्या होत्या. "तीन पाण्यातनं काढ, मग अंगाला लाव," ती म्हणाली. मी "हो, हो" केलं. चोवीस वर्षांच्या घोड्याला टॉवेल कसा वापरायचा ते शिकवणारी आई फक्त आमच्याच घरात असावी. मग अप्पा म्हणाले, "नाही जमलं तर सरळ ये. शेठला सांगून माझ्या शेजारच्या मागावर जागा ठेवलीय." हे त्यांनी आशीर्वाद द्यावा तसं सांगितलं आणि मी ते शिक्षा ऐकावी तसं ऐकलं.

हे वाचणाऱ्यांपैकी जे अजून गावातच आहेत त्यांना राग येईल, पण खरं सांगतो, मला त्या गावाची किळस आली होती. सकाळी घासलेल्या तांब्यावर दुपारपर्यंत कापसाचं तूस बसायचं. वरणात तूस, उशीत तूस, परीक्षेच्या पेपरवर तूस. रोज संध्याकाळी अप्पांची सायकल वाजली की आई आतून ओरडायची, "उंबऱ्याबाहेर झटकून या." अप्पा बाहेर उभं राहून आधी शर्ट झटकायचे, मग पायजमा, मग डोकं, आणि तरी आत येताना निम्मं घेऊनच यायचे. आणि एवढं सगळं करून या माणसानं कमावलं काय, तर नजर. दहा हातांवरून तुटका धागा दिसण्याची नजर. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या खांद्यावरच्या उपरण्यात कुठं वीण चुकलीय ते दाखवायचे. एकदा एका धाग्यासाठी माग थांबवून ठेवला म्हणून मालकाच्या शिव्या खाल्ल्या, पण तो टॉवेल काही त्यांनी "साफ आहे" म्हणून पुढे जाऊ दिला नाही. चांगल्या मालावर हात फिरवून ते एवढंच म्हणायचे, साफ आहे. मला त्या दोन शब्दांची चीड होती. आयुष्यभर दुसऱ्यांची ओली अंगं पुसायला माल बनवायचा आणि त्याचा अभिमान बाळगायचा, याहून हलकं काय असतं, असं मला वाटे.

गावात मी सांगून ठेवलं होतं की बेंगळुरूला ऑटोमोबाईल लाइनमध्ये चाललोय. लोकांनी आपापल्या सोयीनं कंपनी, एसी आणि कॅन्टीन त्यात घालून घेतलं. मीही कुणाला अडवलं नाही. खरी लाइन म्हणजे जे. पी. नगरमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी असलेलं दुकान, तिथं गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावतात. पुढे सीट कव्हरांच्या थप्प्या, बाजूला गाड्या धुवायची जागा आणि मागे एक बंद खोली, जिच्यात फिल्म लागते.

दुकानाचे मालक नागोजीराव. सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या पणजोबांचे पणजोबा म्हणे घोड्यावर बसून इकडं आले आणि इथंच राहिले. अण्णा हे प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाला सांगतात, जणू घोडा अजून मागच्या अंगणात बांधलाय. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "ऊटा झाला काय रे तुजा?" म्हणजे जेवलास का. "स्वल्प थांब की" म्हणजे जरा थांब. "घाई बेडा" म्हणजे घाई नको. या माणसानं मराठी कुठल्या तरी ट्रंकेत घालून आणली आणि वाटेत अर्धी सांडली, असं मी मनात म्हणालो. माझी स्वतःची सोलापुरी मराठी ऐकून पुण्याची माणसं काय म्हणत असतील, हा विचार तेव्हा मला शिवला नव्हता.

दुसरा माणूस मंजुनाथ. चाळिशीचा, दाढीवाला, सोळा वर्षं या एकाच खोलीत काम करणारा. कासवासारखा संथ. एका काचेला हात लावण्याआधी तिच्याकडे इतका वेळ बघत बसायचा की मला वाटे याला झोप लागली. त्याला मराठी येत नाही, मला कन्नड यायचं नाही, आमचं मोडक्या हिंदीत चालायचं. मी घाईनं काही करू लागलो की तो एकच शब्द म्हणायचा, "निधाना, निधाना." हळू, हळू. सोळा वर्षांत जो माणूस स्वतःचं दुकान टाकू शकला नाही, त्यानं मला वेग शिकवावा किंवा अडवावा, दोन्ही मला पटत नव्हतं.

पहिले चार महिने मी नुसत्या गाड्या धुतल्या. मग अण्णांनी मला खोलीत घेतलं आणि मला वाटलं, आता काय, कागद चिकटवायचा तर आहे. शाळेत वह्यांना कव्हरं घालत होतो तसंच. ही माझी अक्कल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिल्मच्या डिंकाच्या बाजूवर एक पातळ पारदर्शक कागद असतो. तो सोलला की डिंक उघडा पडतो आणि त्याच क्षणी हवेत जे काही तरंगत असेल ते सगळं ओढून घेतो. म्हणून आधी खोलीच्या फरशीवर पाणी ओतायचं, पंखा बंद, दार बंद, हवेतही पाण्याचा फवारा मारायचा म्हणजे धूळ खाली बसते. काच साबणाच्या पाण्यानं धुवायची, पात्यानं खरवडायची, पुन्हा धुवायची, नेहमी वरून खाली. काच जिथं दारात उतरते तिथल्या रबरात वर्षानुवर्षांची माती असते, ती वर येऊ द्यायची नाही. सुती कपडा खोलीत चालत नाही. अंगात नायलॉनचा शर्ट, कोपरापर्यंत धुतलेले हात. मग फिल्म सोलायची, काच आणि फिल्म दोन्ही ओली ठेवायची, बसवायची आणि रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. पाणी जातं. कचरा जात नाही. एखादा कण, एखादा केस आत राहिला की तो तिथंच. फिल्म फाडून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी फाडत राहिलो. पहिल्याच आठवड्यात बारीक बारीक केसांसारखं काहीतरी माझ्या प्रत्येक काचेखाली यायला लागलं. धुळीचे दाणे म्हणावेत तर तसे नव्हते. नखाएवढ्या लांबीचे, वाकडे, विजेरी धरली की काळपट दिसणारे तंतू. मंजुनाथच्या काचा स्वच्छ आणि माझ्या काचेत जंगल. मी सगळं करून पाहिलं. फरशीवर दुप्पट पाणी ओतलं. बाहेर रस्ता खणलाय म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. अण्णांचे पुसायचे कागद सुमार दर्जाचे आहेत असं त्यांच्याच तोंडावर सांगितलं. शेवटी मी मंजुनाथच्या दाढीवर आलो. म्हटलं, हे केस त्याचेच आहेत, तो वाकतो आणि माझ्या काचेत गळतो. अण्णांनी हसून त्याला दाढीला नायलॉनचं फडकं बांधायला सांगितलं. त्यानं दोन महिने फडकं बांधलं, एकदाही कुरकुर न करता, आणि मी ते बघून मनातल्या मनात त्याला आणखी मूर्ख ठरवलं.

अण्णा एकदा माझी फाडलेली फिल्म उजेडात धरून बघत बसले. म्हणाले, "हे केस नव्हं रे. कापूस हाय. तू कापूस घालून येतोस काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कापूस हा शब्द ऐकायला नको म्हणून मी एवढ्या लांब आलो होतो. म्हटलं, अण्णा, माझ्या अंगावर एक सुती धागा सापडला तर दाखवा. त्यांनी शर्ट बघितला, नायलॉन. पँट बघितली, तीही तसलीच. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणाले आणि गेले. मला वाटलं मी जिंकलो.

मराठी गिऱ्हाइकं आली की अण्णा मला पुढे करायचे. आयटीतली जोडपी, पुण्याहून आलेली. "अरे, तुम्ही मराठी? सो नाइस यार," म्हणायचे, आणि पुढच्या वाक्यात, "अ‍ॅक्चुअली आम्हाला ना, थोडी डार्क हवीय, पोलीस वगैरे मॅनेज होतं ना?" कायद्यात बसते तेवढी फिकटच लावतो म्हटलं की त्यांचा मराठी बाणा तिथंच वितळायचा. गणपतीला मंडळात हेच लोक भेटतात. बेंगळुरूला आपल्यासारखा वरणभात मिळत नाही म्हणून डोळे पुसतात, आणि घरी स्वयंपाकाला बाई आहे. गावाकडच्या मातीची आठवण काढणाऱ्यातल्या एकानंही ती माती गाडीच्या रबरातून नखानं काढलेली नाही. तुम्हाला वाटेल हा जळतो. जळत होतो.

खोलीत सहा महिने झाले तरी माझी एक गाडी अख्खी स्वच्छ निघेना. मग अण्णांनी नेहमीच्याच थंड आवाजात सांगितलं. उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, एक गाडी, चारही दारं आणि मागची काच, एकट्यानं, कचरा न येता. नाहीतर शहराबाहेर आनेकलला त्यांच्या भावाचं धुलाई केंद्र आहे, तिथं जायचं. तिथं ट्रॅक्टर येतात, टेम्पो येतात. "वाईट काम नव्हं," ते म्हणाले. पण मला माहीत होतं, आनेकलला ट्रॅक्टरवर पाणी मारण्यापेक्षा मी सोलापूरची गाडी पकडली असती. आणि सोलापूरची गाडी पकडली की अप्पांच्या शेजारचा माग. तिथून पुढे तीस वर्षं, पांढऱ्या भुवया आणि उंबऱ्याबाहेर झटकणं.

उगादीला दहा दिवस उरले असताना अप्पा आले. कारखाना यंत्रदुरुस्तीसाठी बंद होता आणि आईनं त्यांना पाठवलं होतं, पोरगं काय करतंय बघून या. मी यशवंतपूर स्टेशनवर घ्यायला गेलो. धुतलेला पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात गाठोडं. आणखी सहा टॉवेल. गावाकडून कुणीही आलं की टॉवेल यायचेच. बसमध्ये ते खिडकीच्या बाजूला बसले आणि पूर्ण रस्ताभर एवढंच म्हणाले, "शेठनं परत विचारलं. जागा आहे अजून." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

माझी खोली म्हणजे गच्चीवरचं एक खोकं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आलो, ओल्या अंगानंच खुंटीवरचा टॉवेल ओढायला गेलो, तर तो अप्पांच्या हातात होता. ते त्याला अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळत होते, कारखान्यात चोळायचे तसे.

"हा पाण्यातनं काढलेला नाही."

"वेळ नसतो, अप्पा."

"मागचे?"

मागचे दाराशी पायपुसणं झाले होते. मला टॉवेल धुवायचा कंटाळा. एक वापरायचा, वास यायला लागला की खाली टाकायचा, नवा काढायचा. आईचे येतच होते. अप्पांनी पायपुसण्याकडे पाहिलं. नवा टॉवेल घेऊन दारात गेले, जिथं उन्हाची तिरीप आत येत होती, आणि त्यांनी तो एकदाच झटकला.

त्या तिरिपेत जे उडालं ते मी लहानपणापासून रोज बघत आलो होतो आणि तरी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. मोरपंखी तूस. शेकडो तंतू, नखाएवढे, वाकडे, सावकाश खाली येणारे. त्यातले काही माझ्या ओल्या हातावर येऊन बसले आणि हाताच्या केसांत अडकले. मी कोपरापर्यंत हात धुत होतो. कोपराच्या वर, मानेला, कानामागे, डोक्यात मी रोज सकाळी हे चोपडून खोलीत जात होतो आणि गाडीत वाकत होतो. गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की नवा टॉवेल तीन पाण्यातून काढल्याशिवाय तूस सोडायचा थांबत नाही. आईनं दर फोनवर सांगितलं होतं. फक्त मी त्या गावच्या लोकांपेक्षा शहाणा होतो.

मी अप्पांना काही सांगितलं नाही. तुमच्यामुळं कळलं, एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. उलट म्हणालो, "झटकताय कशाला आत, सगळीकडं होतंय." त्यांनी टॉवेल बादलीत टाकला. त्यानंतर अंगावर दोन तांबे ओतून मी वाऱ्यावर वाळलो, एखाद्या म्हशीसारखा, आणि दुकानात गेलो. अण्णांना म्हटलं, आज देतो गाडी.

गाडी पांढरी होती, पुण्याच्याच एका जोडप्याची. अप्पांना काम बघायचं होतं. मी त्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि सांगितलं, मी बोलावल्याशिवाय येऊ नका, धूळ येते. धूळ हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं स्टेशनवरचंच होतं. लुंगी नेसलेले चार रिक्षावाले आणि त्यांच्यात माझे धुतलेल्या शर्टातले अप्पा, दुपारपर्यंत रस्त्याच्या त्या बाजूला दुकानाच्या दाराकडे बघत बसले होते.

दारांच्या काचा एकामागून एक लागल्या आणि विजेरीखाली मोकळ्या निघाल्या. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मागच्या काचेला हात लावण्याआधी, खोलीचं रस्त्याकडचं दार अजून उघडंच असताना, मी उभा राहिलो, नुसता बघत, मंजुनाथ बघतो तितका वेळ. तो दाराशी उभा होता, दाढीला फडकं बांधून. यावेळी तो निधाना म्हणाला नाही. मागची काच वाकडी असते, फिल्म आधी बाहेरून गरम हवा मारून तिच्या आकाराची करावी लागते, मग आतून, पाठ मोडेस्तोवर वाकून बसवायची. सगळं पाणी निघेपर्यंत पट्टी ओढली. अण्णांनी विजेरी घेतली, काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिली आणि म्हणाले, "सरी रे. सरी हाय." मग स्वतःच रस्त्यापलीकडं हात करून ओरडले, "पाव्हणं, या की. पोरगा पास झाला."

अप्पा रस्ता ओलांडून आले. खोलीच्या उंबऱ्याशी थांबले. चपला काढल्या. मग त्या स्वच्छ धुतलेल्या शर्टाला त्यांनी हात घातला आणि झटकला. पुढून, मागून. मग पँट. मग दोन्ही हातांनी डोकं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या शर्टावर काही नव्हतंही. अण्णा आणि मंजुनाथ बघत राहिले आणि माझी मान खाली गेली.

"या आत," मी म्हणालो.

"नको," अप्पा म्हणाले. "माझ्या अंगावरचं कुठं पूर्ण जातंय."

मग गाडी उन्हात बाहेर काढली. अप्पांनी पाठीवर हात बांधून तिच्याभोवती एक फेरी मारली. मागच्या काचेशी ते क्षणभर जास्त थांबले. अण्णांनी चेष्टेनं विचारलं, "काय हो, पास का नापास?" अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "साफ आहे."

त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ते दोन शब्द मला गोड वाटले.

दोन दिवसांनी त्यांना यशवंतपूरला सोडायला गेलो. यावेळी मी जवळ उभा होतो, खांद्याला खांदा लावून. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना ते दारात बसलेल्या माणसांना ओलांडून आत गेले, खिडकीशी बसले आणि गजांतून वाकून हळू आवाजात म्हणाले, "मागच्या काचेत एक होता. खाली, डाव्या कोपऱ्यात. मोरपंखी. आपलाच."

 अण्णांना विजेरीनं दिसला नव्हता, मला दिसला नव्हता.

"मग तुम्ही साफ आहे म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासंगट आला असतास." त्यांनी गज सोडला आणि शर्टाची बाही खाली ओढली. "मी न्यायलाच आलो होतो. आईला तसं सांगूनच निघालो होतो. पण तू त्या काचेपुढं उभा राहिलास ना, हात न लावता, नुसता बघत. ते मी टपरीवरनं पाहिलं."

गाडी सुटली. मी हातसुद्धा वर केला नाही, असलं माझं शहाणपण.

याला आता बरीच वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी मी मंजुनाथला सगळं सांगितलं, हिंदी सापडेल तशी. त्यानं दाढीचं फडकं सोडलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि आपल्या कामाला लागला. आज मागच्या काचा मी लावतो आणि निधाना मीच म्हणतो. माझ्या मराठीत स्वल्प आणि सरी शिरलेत, आई फोनवर हसते. अप्पांनी काम सोडलं. माझी, म्हणजे त्यांच्या शेजारची जागा कुणा बिहारी पोरानं भरली आणि त्यांची स्वतःचीही. टॉवेल अजून येतात. मी ते तीन पाण्यातून काढतो, चौथ्यातूनही, आणि गच्चीवर वाळत घालतो.

गाव सोडून गेलेले तुमच्यातले बरेच जण घराबद्दल फार गोड लिहितात. मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही. मी ज्या गावाला नावं ठेवली, ते अजून तसंच आहे, वरणात तूस पडतंच. तिथं जाऊन राहा म्हणाल तर मी राहणार नाही. पण सिग्नलला समोर पांढरी गाडी थांबली, त्याच बनावटीची, की मी स्कूटर पुढे घेतो आणि तिच्या मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, बघतो. आतले लोक वळून माझ्याकडे बघतात. आयुष्यात एकदाच अप्पांनी खोटा माल पुढे जाऊ दिला. तो या शहरात कुठंतरी फिरतोय. अजून मला सापडलेला नाही.